दहावीला तोंड फुटलं

“मास्तर, तुमच्या वर्गाला तोंडं आहेत ना?”

इन्स्पेक्टर साहेबांनी हे भर वर्गात विचारलं. समोर दहावीची एकोणीस मुलं ताठ बसली होती. त्यात तीन मुली. सगळ्यांनी हाताची घडी घातली होती आणि ओठ असे मिटले होते, की कोणी आतून डिंक लावला असावा.

“आहेत, साहेब,” मी म्हणालो.

“मग एखादं उघडून दाखवा.”

पहिला प्रश्न विचारून पाच मिनिटं झाली होती. प्रश्न सोपा होता. तरफेचे प्रकार किती? तरफ म्हणजे जड वस्तू हलवायला आपण जी पहार किंवा दांडी लावतो ती. हा धडा मी दिवाळीआधी शिकवला होता, दिवाळीनंतर पुन्हा घेतला होता आणि मागच्याच आठवड्यात त्याची परीक्षा घेतली होती. एकोणिसांपैकी सतरा जणांना तो पाठ होता. उरलेल्या दोघांना तो समजला होता.

त्या दोघांपैकी एक ज्ञानोबा. तो अर्धवट उठला.

“तीन हा—” एवढं म्हणाला, दचकून माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला.

“तीन हा?” साहेब म्हणाले. “हा कुठला प्रकार?”

कोणी हसलं नाही. हसायचीही भीती वाटत होती. दिघीच्या बाजूला लष्कराची चांदमारी चालू होती, तिचे बार तेवढे ऐकू येत होते.

“बरं. प्रेरणा म्हणजे काय?”

पुस्तकात जोराला प्रेरणा असा शब्द आहे. आता हौसा उठली. धडा समजलेली दुसरी ती. वर्गात पहिला नंबर तिचा. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तीही बसली.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्याचा डावा कोपरा पुसून पुसून पांढुरका झाला होता.

“इथं काय लिहिता एवढं?”

“शुद्ध शब्द, साहेब.”

“हं,” साहेब म्हणाले.

हे सगळं असं का झालं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. दोष कोणाचा ते आधीच सांगून टाकतो. माझा.

आमचं हायस्कूल पुण्याहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर, नदीच्या अलीकडच्या एका गावात आहे. हायस्कूल म्हटल्यावर वाचकांनी डोळ्यांसमोर इमारत आणू नये. त्या वर्षी आठवी देवळाच्या ओवरीत भरत होती, नववी धर्मशाळेत आणि दहावी सोसायटीच्या गोदामात. गोदामात खताची पोती असत. दहावीच्या मुलांच्या कपड्यांना सल्फेटचा वास येई. कोण किती शिकलं, ते गावाला वासावरून कळत होतं.

नव्या हायस्कूलला सगळ्या इयत्ता एकदम मिळत नाहीत. दरवर्षी एकेक वाढवायची आणि प्रत्येक वेळी शिक्षण खात्याची परवानगी घ्यायची. तिला मान्यता म्हणतात. मान्यतेसाठी इन्स्पेक्टर येतात. ते वर्ग पाहतात, रजिस्टरं तपासतात, मुलांना प्रश्न विचारतात आणि लॉगबुकात शेरा लिहितात. त्या शेऱ्यावर सगळं ठरतं. आम्हाला जूनमध्ये अकरावी उघडायची होती. अकरावी म्हणजे एस.एस.सी.चं वर्ष. ती मिळाली नाही, तर या एकोणीस मुलांनी खडकीला नाहीतर पुण्याला जायचं. पुण्याच्या मुलाला शाळेत जायला गल्ली ओलांडावी लागते. आमच्या मुलानं त्यासाठी तालुका ओलांडायचा. हा न्याय कोणी ठरवला, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

हौसाच्या वडिलांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, “मास्तर, गावात वर्ग हाय तवर पोरगी शिकंल. पुन्याला न्हाई धाडायचो.”

म्हणजे साहेबांच्या एका ओळीवर हौसाचं शिक्षण थांबणार होतं किंवा चालू राहणार होतं. आणि तिच्या तोंडून त्यांनी अजून एक अक्षर ऐकलं नव्हतं.

मी इथं शास्त्र आणि गणित शिकवतो. वय सव्वीस. मूळचा बार्शीकडचा. वडील छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा आणि त्यांच्या ओळी बांधणारा. छापून उरलेली पत्रकं ते घरी आणत. सभेची, संपाची, साक्षरतेची, दारूबंदीची. पत्रकाच्या छापील बाजूवर मी वाचायला शिकलो आणि कोऱ्या बाजूवर बेरजा केल्या. त्यामुळे मला साधं बोलता येत नाही, असं माझे मित्र म्हणतात. मी दुपारचा चहा मागितला तरी तो मागण्यांच्या यादीतला पहिला मुद्दा वाटतो म्हणे.

पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी मी एकाला विचारलं होतं, “सायन्सचा वर्ग कुठं हाय?” तो म्हणाला, “वर्ग इथं आहे. हाय तिकडं बार्शीला.” भोवतीचे सगळे हसले. त्या दिवशी मी ठरवलं, की माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलावर असं कोणाला हसू द्यायचं नाही. पुण्यात जन्मलेला मुलगा आईच्या मांडीवर ‘आहे’ शिकतो. त्यात त्याचं कर्तृत्व काय? पण त्याच ‘आहे’वर त्याला ऑफिसात खुर्ची मिळते आणि आमच्या पोराला दाराबाहेरचं बाकडं. ही मक्तेदारी मोडायची, तर ती भाषा आमच्या पोरांनी काबीज केली पाहिजे. असं माझं मत होतं. अजूनही आहे.

मत ठीक होतं. उपाय मी काढला.

श्रावणात मी दहावीला एक नियम घातला. गोदामाच्या दाराच्या आत जो कोणी ‘हाय’, ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’ म्हणेल, त्यानं उठायचं आणि फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ‘आहे’, ‘होय’ किंवा ‘नाही’ दहा वेळा लिहायचं. छडीच्या मी विरुद्ध आहे, म्हणून हा मार्ग. पहिल्या आठवड्यात खडूची पेटी संपली. मग मुलं सुधारली. महिनाभरात वर्गात ‘हाय’ ऐकू येईनासं झालं. मुलं एकमेकांवर पाळत ठेवू लागली. कोणाची जीभ जरा घसरली, की अठरा बोटं त्याच्याकडे वळायची. मी स्टाफरूममध्ये हे अभिमानानं सांगितलं. स्टाफरूम म्हणजे देवळामागचं चिंचेचं झाड.

मुलं कमी चुकतात कारण मुलं कमी बोलतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. शास्त्राच्या माणसाला हे शोभत नाही. पण घोषणा देणाऱ्या माणसाला समोरच्याचं मौन संमतीसारखं वाटतं.

एकाच माणसानं शंका काढली. शाळा कमिटीचे अध्यक्ष, तात्या. शाळेची इमारत बांधायला जमीन त्यांनीच दिली. त्यांना मी नियम समजावून सांगितला. तात्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

“मास्तर, तुमच्या शाळंच्या नावातच हाय हाय. त्येचं काय करनार?”

“हायस्कूलमधलं हाय वेगळं, तात्या. ते इंग्रजी आहे.”

“आसं व्हय! इंग्रजीतलं हाय चालतंय. आमचंच तेवढं चालत न्हाई.”

 मी विषय बदलला.

इन्स्पेक्शनची तारीख आली. आदल्या दिवशी मी वर्गाला भाषण दिलं. चांगलं झालं ते. “उद्या परीक्षा एकट्या दहावीची नाही! उद्या खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक मुलाची परीक्षा आहे! साहेबांच्या कानावर एकही ‘हाय’ पडता कामा नये!”

मुलांनी माना हलवल्या. आणि आज्ञा तंतोतंत पाळली. साहेबांच्या कानावर एकही ‘हाय’ पडलं नाही. दुसरंही काही पडलं नाही.

तर असे आम्ही गोदामात उभे होतो. साहेबांनी माझ्याच टेबलावर वही उघडली आणि लिहायला लागले. लॉगबुकात लिहिण्याआधी ते या वहीत कच्चा मजकूर करत. आता जुळाऱ्याच्या पोराला एक विद्या फुकट मिळते. छापायचे खिळे उलटे असतात, त्यामुळे उलटं वाचायची सवय लागते. मी टेबलाच्या पलीकडे उभा राहून सगळं वाचलं.

‘दहावी. शिस्त उत्तम. विषयाचे ज्ञान आढळून आले नाही. अकरावीची शिफारस’

इथं पेन थांबलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मधली सुट्टी झाली होती. त्यांनी वही मिटली.

“उरलेलं जेवणानंतर.”

चिंचेखाली हेडसर माझी वाटच पाहत होते. आमचे हेडसर लिमये म्हणून आहेत. पुण्याच्या मोठ्या शाळेतून निवृत्त होऊन इथं आले. कधी आवाज चढवत नाहीत.

“काय म्हणते दहावी?” त्यांनी विचारलं.

“काहीच म्हणत नाही.”

मी त्यांना वहीतला मजकूर सांगितला. हेडसरांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

“मी तुम्हाला दिवाळीतच म्हटलं होतं, पोरांना बोलू द्या.”

“सर, तुम्ही म्हणाला होता, गोंगाट कमी करा.”

“दोन्ही म्हटलं होतं. तुम्ही सोयीचं तेवढं ऐकलंत.”

“चूक माझी आहे. मी राजीनामा देतो.”

“द्या. चांगल्या शुद्ध मराठीत लिहा. पण त्यानं अकरावी मिळणार आहे का?”

“नाही.”

“मग आधी जेवून घ्या.”

मी भाकरी मोडत बसलो. वर्षभरात माझी नोकरी कायम व्हायची होती आणि ट्रेनिंगला माझं नाव जायचं होतं. पण खरं सांगतो, ते डोक्यात नव्हतं. डोक्यात हौसाचे हलणारे ओठ होते. तिला उत्तर येत होतं. मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. फक्त जिला माहीत व्हायला हवं होतं त्या वहीला माहीत नव्हतं.

साहेब जेवून उठले आणि हात धुवायला बाहेर आले. इतक्यात गोदामामागून आरडाओरडा ऐकू आला.

“आरं टेकू सरकीव! टेकू!”

“लावा जोर! व्हय… व्हय… व्हय!”

“न्हाई हालत!”

“हालंल की. तू आधी त्याच्यावरनं ऊठ!”

आणि मोठा हशा.

“ही कोण मंडळी?” साहेबांनी विचारलं.

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं.

“दहावी,” मी म्हणालो.

“कुठली दहावी?”

“मघाचीच, साहेब.”

साहेबांनी रुमालाला हात पुसले. “ती तर मुकी आहे.”

ते आवाजाच्या दिशेनं चालायला लागले. त्यांच्यामागे हेडसर आणि मी.

आमच्या इमारतीचं काम श्रमदानानं चाललं होतं. गावकरी खाणीतून दगड आणायचे. गवंडी गावचाच. मुलं रोज मधल्या सुट्टीत अर्धा तास हात लावायची. त्या दिवशी दाराच्या उंबऱ्याचा दगड आला होता. काळा, चांगला पुरुषभर लांबीचा. बैलगाडीतून उतरवताना तो जोत्याच्या अलीकडे आडवा पडला होता. तो फिरवून दाराशी आणायचा होता. आज साहेब आहेत, तेव्हा श्रमदान बंद, हे मुलांना सांगायचं मी भाषणाच्या भरात विसरलो होतो. आणि माझा नियम गोदामाच्या आतला होता. बाहेरचं काही मी बोललो नव्हतो. मुलं नियमाच्या बाबतीत फार काटेकोर असतात.

आम्ही कोपऱ्यावरून वळलो आणि आवाज बंद झाला. नळ बंद करावा तसा. ज्ञानोबाच्या हातात पाच फुटी पहार होती, ती तशीच राहिली. हौसाच्या हातात टेकूचा धोंडा होता. तात्या जोत्यावर बसून सुपारी कातरत होते.

“रामराम सायेब. या. दगड बी हटत न्हाई न् पोरं बी हटत न्हाईत.”

“चालू द्या तुमचं,” साहेब मुलांना म्हणाले.

कोणी हललं नाही.

“का नाही हलत हा दगड?”

 साहेबांनी हौसाला विचारलं, “हा धोंडा कशाला?” हौसा साहेबांकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझी भुवई वर जाते का, याच्याकडे तिचं लक्ष होतं.

दगडावर खरं कोण बसलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मीच.

खात्याच्या साहेबांसमोर आणि हेडसरांसमोर आपलाच नियम मोडायचा, हे सोपं नव्हतं. पाच महिने मी त्या नियमावर व्याख्यानं दिली होती. पण पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाला एक गोष्ट नीट येते. एकदा मोडायचं ठरलं, की तो चारचौघांत मोडतो.

“हौसे,” मी म्हणालो, “दगुड लई जड हाय व्हय गं?”

 ज्ञानोबाच्या हातून पहार पडली.

“सर हाय म्हनलं!”

“आन् व्हय बी!” मागून कोणीतरी ओरडलं.

“वीस बारी! सर, वीस बारी लिवायचं!”

एकोणीस बोटं माझ्याकडे वळली. काही मुलं खाली बसून हसत होती. एक जण चक्क दगडाला मिठी मारून हसत होता. पाच महिने साठलेलं एकदम बाहेर पडत होतं. हेडसरांनी रुमाल तोंडाला लावला, खोकल्यासाठी असावा.

“लिहीन,” मी म्हणालो. “वीसच्या वीस वेळा लिहीन. पण आधी साहेबांना उत्तर द्या. जसं येईल तसं. घरी बोलता तसं.”

हौसानं धोंडा खाली ठेवला.

“जड तर हाय, सायेब. पर जडाचं काय न्हाई. टेकू लांब पडलाय.”

“लांब म्हणजे?”

“टेकू वझ्याजवळ पायजे. मग पहार आपल्या बाजूला लांब ऱ्हाती. आपली बाजू जेवढी लांब, तेवढा जोर कमी लागतो.”

“आणि टेकू आपल्याजवळ आणला तर?”

“तर दगड जाग्यावर ऱ्हातो आन् आपलं कंबरडं जाग्यावरनं हालतं.”

साहेब पहिल्यांदा हसले. “जोर किती कमी लागतो, ते सांगता येईल?”

याचं उत्तर ज्ञानोबानं दिलं. त्यानं पहार उचलून आडवी धरली. “ही पाच फूट हाय. टेकू वझ्यापासनं फुटावर घेतला. आपल्याकडं ऱ्हायली चार फूट. म्हंजे चार मनाचं वझं एक मनाच्या जोरावर उचलतंय.”

“या जोराला पुस्तकात काय म्हणतात?”

“परेरणा!” दहा-बारा आवाज.

“मग सकाळी का नाही सांगितलंत?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी हौसाच म्हणाली, “परेरणा ठाव हाय, सायेब. पर ‘हाय’ न लावता सांगायची कशी, त्ये काय ठरंना.”

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दोन वाक्यांत नियम सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि चष्मा सारखा केला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“तरफेचे प्रकार?” ते मुलांकडे वळले.

“तीन हाय!” ज्ञानोबानं सकाळचं वाक्य पूर्ण केलं. “टेकू मधी असला तर पहिला. ही पहार. वझं मधी असलं तर दुसरा. आडकित्ता.”

“ह्यो घ्या दुसरा,” म्हणून तात्यांनी हातातला अडकित्ता पुढं केला. साहेबांनी तो घेऊन उघडून-मिटून पाहिला आणि सुपारीच्या खांडासकट परत दिला.

“तिसरा?”

“जोर मधी असला तर तिसरा,” हौसा म्हणाली. “चुलीपाशी असतो तो चिमटा.”

“चिमट्यानं जोर वाचतो?”

“न्हाई. उलटा जास्ती लागतो.”

“मग वापरायचा कशाला?”

“जोर वाचत न्हाई सायेब. बोटं वाचत्यात.”

 साहेबांनी कोट काढला, घडी करून हेडसरांच्या हातात दिला आणि ज्ञानोबाकडून पहार घेतली. तिचं वजन हातात तोललं.

“आमच्या गावाक हिका पारय म्हणतत,” ते म्हणाले. आणि थांबले. “म्हणजे, आमच्या गावी हिला पारय म्हणतात.”

उशीर झाला होता. मुलांनी ऐकलं होतं. साहेब रत्नागिरीकडचे, चिऱ्याच्या खाणींच्या मुलखातले. ते आम्हाला त्यांच्या कागदावरच्या नावावरून कळलं नव्हतं. पहारीनं ते सांगितलं.

तात्यांनी सुपारी तोंडात टाकली. “मास्तर, ह्यांला किती बारी लिवायला लावनार?”

मला वाटलं, आता सगळं संपलं. पण साहेब पहारीवर रेलून असे हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला.

“टेकू सरकवा,” ते हौसाला म्हणाले.

हौसानं धोंडा वझ्याजवळ घेतला. साहेबांनी आणि ज्ञानोबानं पहारीवर भार टाकला. दगडाचं एक टोक वर आलं. मुलांनी खाली लाकडाचे ओंडके सारले. मग दगड ढकलत, फिरवत दारापर्यंत नेला. सगळे मिळून ओरडत होते. साहेबही ओरडत होते, पण त्यांची भाषा कोणाला नीट कळत नव्हती आणि त्यानं काही अडत नव्हतं. दगड बसला तेव्हा हेडसरांनी साहेबांचा कोट हातात घेऊनच टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या पिरियडला साहेब मागच्या बाकावर बसले. मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दहा वेळा ‘आहे’ आणि दहा वेळा ‘होय’ लिहिलं. वर्ग मोठ्यानं मोजत होता. सातव्या ‘आहे’चा काना तोकडा झाला, तो मला पुसून पुन्हा लिहायला लावला. मग साहेबांनी गणित विचारलं, भूगोल विचारला, आकाशात इंद्रधनुष्य कसं दिसतं ते विचारलं. एकेका प्रश्नाला आठ-आठ हात वर. ज्यांना येत नव्हतं तेही हात वर करून उभे राहत होते, नुसतं बोलायला मिळावं म्हणून. अर्ध्या तासानं साहेब मला म्हणाले, “मास्तर, आता यांना जरा गप्प करता येईल का?”

“ते कसं करायचं, मी विसरलो, साहेब,” मी म्हणालो. हे खरं होतं.

संध्याकाळच्या गाडीनं साहेब गेले. लॉगबुक हेडसरांनी चिंचेखाली आम्हाला वाचून दाखवलं. अक्षर टपोरं होतं, सरळ बाजूनं वाचता आलं.

‘इयत्ता दहावी सकाळी वर्गात गैरहजर होती. दुपारी बांधकामावर हजर आढळली. उत्तरे अचूक. भाषेकडे लक्ष द्यावे. शास्त्राच्या शिक्षकांनी ते जरा कमी द्यावे. अकरावीची शिफारस केली आहे.’

मी ताडकन उठलो. “सर, गैरहजर कशी? हजेरीपटावर एकोणीसच्या एकोणीस हजर—”

“शिफारस केली आहे ना?”

“हो, पण हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वाचं जूनमध्ये बघू,” हेडसर म्हणाले आणि लॉगबुक पत्र्याच्या पेटीत ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

मे महिन्यात खात्याचं पत्र आलं. तात्यांनी ते देवळात सगळ्यांसमोर वाचायला लावलं. स्वतःला वाचता येत असूनही हौसाला वाचायला लावलं. जूनमध्ये अकरावी उघडली, नव्या इमारतीच्या एकमेव झालेल्या खोलीत. एकोणिसांपैकी अठरा आले. एक जण पिंपरीकडे कारखान्याच्या बांधकामावर लागला होता, तोही रविवारी वह्या उतरवून घ्यायला यायचा. हौसाचे वडील पहिल्या दिवशी तिच्याबरोबर आले, खोली बघितली, उंबरा पायानं दाबून बघितला आणि म्हणाले, “गावात हाय म्हनल्यावर काय. शिकू द्या.” हौसा पुढच्या वर्षी एस.एस.सी. झाली. शास्त्रात तिला शाळेत सगळ्यात जास्त मार्क. सध्या ती पुण्यात, ट्रेनिंग कॉलेजात आहे. आठवड्यापूर्वी तिचं पत्र आलं. तिनं माझ्या मागच्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दाखवल्या आहेत.

शुद्ध भाषेचा आग्रह मी सोडलेला नाही, हे इथं स्पष्ट करतो. बोर्डाच्या पेपरात ‘हाय’ चालत नाही. ऑफिसातली ती खुर्ची अजून तिथंच आहे आणि ती आमच्या पोरांना मिळालीच पाहिजे. तोवर ‘आहे’ मी घासून शिकवणार. फक्त माझ्या कामाचा क्रम बदलला आहे. मुलानं हात वर केला, की आधी उत्तर घेतो. बरोबर असेल तर बरोबर म्हणतो. व्याकरण त्यानंतर.

नव्यानं शाळेत लागलेले तरुण मास्तर कधी सल्ला विचारतात. त्यांना एवढंच सांगतो, की इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी वर्गात भाषण करू नका. मुलं ऐकतात.